टिटवाळ्याच्या कातळातले होकायंत्र

टिटवाळ्याला काळू नदीकाठी जो काळा कातळ दिसतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा आहे. तो थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, आणि तिचे तोंडही आजच्या दिशेला नव्हते. हे कळले कसे?

बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण असतात. लाव्हा ५८० अंश सेल्सिअसच्या खाली निवू लागला, की ते कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तशी कलत जाते. म्हणून खडकातल्या बाणाचा कल जुना अक्षांश सांगतो, आणि तो उत्तरेपासून जितका ढळलेला, तितकी भूमी वळलेली. मात्र नमुना काढण्यापूर्वी त्यावर दिशा आणि आडवी पातळी खोदून ठेवावी लागते. ती खूण चुकली, तर पुढचे सारे गणित वाया.

१९१२ साली वेगेनर यांनी खंडे सरकतात असे मांडले. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले. १९५१ च्या सुमारास केंब्रिजचे विद्यार्थी एडवर्ड अर्व्हिंग यांनी या वादाची परीक्षा भारतीय खडकांवर घेतली.  निष्कर्ष असा निघाला, की भारत सुमारे ६००० किलोमीटर उत्तरेला सरकला आणि ३० अंशांहून अधिक डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, वळला. या कामावर अर्व्हिंग यांना पीएच.डी. मिळाली नाही! परीक्षकांना हा विषयच नवा होता.

१९५६ साली लंडनच्या क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या लाव्हावरून तेच दाखवले. मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती या कामात उतरले. डॉइश यांच्यासह त्यांचा दख्खनवरचा शोधनिबंध १९५९ चा. वेगेनर पाठ्यपुस्तकात भेटतात, हे दोघे भेटत नाहीत, याची मला खंत वाटते.

एक खबरदारी. पनवेलच्या पट्ट्यात लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. तेथे आधी थर हिशेबात सरळ करावे लागतात, नाहीतर स्थानिक कलंडणे साऱ्या देशाचे वळणे ठरेल. घाटमाथ्यावर थर जवळजवळ आडवे, तेथे ही अडचण नाही. तेथल्या बहुतेक थरांत बाण वायव्येऐवजी नेमका उलट, आग्नेयेकडे असतो, कारण तो लाव्हा वाहिला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते.