दुबईचा गोल्डन व्हिसा : काय मिळतं, काय नाही

जुलै २०२५ मध्ये बातमी पसरली : एक लाख दिरहम भरा, आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा घ्या. यूएई सरकारने ती लगेच खोटी ठरवली. मोझरी-तिवसा भागात कुणी शेत विकून पैसे भरायचा विचार करत असेल, तर आधी हे वाचा.

खरा नियम : घर, फ्लॅट अशा मालमत्तेत किमान २० लाख दिरहम गुंतवले तर १० वर्षांचा व्हिसा मिळतो. अटी पाळल्या तर तो पुन्हा वाढतो. बायको-मुलांनाही सोबत नेता येतं. पण हे नागरिकत्व नाही, आणि कायमचा रहिवासही नाही.

सौदीत २०१९ पासून कायमची प्रीमियम रेसिडेन्सी आहे. तिची फी ८ लाख रियाल. ती गुंतवणूक नव्हे, फीच.

पैसा कसा पाठवायचा? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. २० लाख दिरहम म्हणजे सुमारे ५ लाख ४५ हजार डॉलर. म्हणजे एकट्याचं एका वर्षात भागत नाही. व्यवहार बँकेतूनच करा, हवाला गुन्हा आहे. अर्जही सरकारी मार्गानेच करा. “गॅरंटी देतो” म्हणणाऱ्या एजंटच्या हाती घरची हलाल कमाई देऊ नका.