पुरुषांचा घेरदार जामा

एखादा गृहस्थ नटूनथटून लग्नाला निघाला म्हणजे 'सगळा जामानिमा झाला' असें आपण सहज म्हणून जातों. बोलणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं कोट आणि फेटा असतो. ऐकणाराही तेंच समजतो. जामा कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं, आणि निमा तर मुळींच नाहीं. वास्तविक हीं दोन निरनिराळ्या वस्त्रांचीं नांवें आहेत. निमा म्हणजे आंत घालावयाचें आखूड वस्त्र, आणि जामा म्हणजे त्यावर चढवावयाचा, छातीशीं घट्ट व कमरेखालीं परकराप्रमाणें घेरदार असा पायघोळ पोषाख. हा पोषाख पुरुषांचा होता. बादशहा, सरदार, मुत्सद्दी आणि सावकार तो दोन-तीनशें वर्षें हौसेनें घालीत आले. भाषेनें त्याची आठवण जपून ठेविली. आपण मात्र ती विसरलों.

आज एखादा तरुण थंडीच्या दिवसांत घोट्यापर्यंत पोंचणारें घेरदार वस्त्र घालून रस्त्यावर आला, तर 'हें काय बायकी सोंग!' असें म्हणावयास कोणी कचरत नाहीं. श्रोतेहो, ज्या शहरासंबंधीं मी बोलणार आहें, त्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, इतिहासापुढें हा शेरा ठेविला, तर तो काय उत्तर देईल, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम जाम्याची बेतणी ध्यानांत घेऊं. त्याचा वरचा भाग अंगाबरोबर बसे. समोरचा एक पल्ला दुसऱ्यावर येऊन काखेखालीं बंदांनीं बांधला जाई. कमरेपाशीं त्याला खालचा घेर जोडीत. हा घेर कळ्या जोडून किंवा बारीक चुण्या घालून साधलेला असे. खालीं विजार आणि वरून कमरेला पटका. उन्हाळ्यांत हाच जामा झिरझिरीत मलमलीचा करीत, आणि हिंवाळ्यांत जाड कापडाचा किंवा मध्यें कापूस भरून टांचलेला. घेराच्या चुण्यांत हवा कोंडून राहते व कोंडलेली हवा ऊब धरते, हें ज्यानें रजई पांघरली आहे त्याला निराळें सांगावयास नको. शिवाय घोड्यावर बसलें म्हणजे हा घेर दोन्ही बाजूंना पसरून मांड्या व गुडघे झांकून टाकी. पहांटेच्या गारठ्यांत स्वारीला निघणाऱ्याला याहून सोईचें वस्त्र कोणतें?

हें वस्त्र मूळचें थंड मुलखांतलें आणि घोडेस्वारांचें. मथुरेजवळ माट येथें १९११ सालीं सांपडलेल्या कनिष्काच्या पुतळ्याला मस्तक नाहीं, पण वेष पुरता शाबूत आहे: कमरपट्ट्यानें आवळलेला व खालीं पसरत गेलेला लांब झगा, आणि पायांत जाड बूट. आपल्या भागांतील पुरावा अजिंठ्याला आहे. तेथील पहिल्या लेण्याच्या छतावर, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, चित्रकारांनीं कांहीं परदेशी माणसें रंगविलीं. त्यांच्या अंगांत लांब अंगरखे आहेत व डोक्यांवर टोप्या. त्याच लेण्याच्या भिंतींवरील एतद्देशीय राजपुरुष मात्र उघड्या अंगाचे असून त्यांच्या कमरेला न शिवलेलें वस्त्र गुंडाळलेलें आहे. दोन हवामानांचे दोन वेष एका छताखालीं आले आहेत. आणि दोहोंत पुरुषाच्या कमरेखालीं मोकळें वस्त्रच आहे.

पुढें १३२७ सालीं महंमद तुघलखानें दौलताबादेस राजधानी आणली आणि उत्तरेकडील माणसांबरोबर त्यांचे कपडे व कारागीरही दख्खनेंत आले. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर यानें १६१० च्या सुमारास खडकी हें गांव वसविलें. तेंच पुढें १६५३ सालीं औरंगजेबाच्या सुभेदारींत औरंगाबाद झालें, आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर. या शहराचा जो संस्थापक, त्या मलिक अंबराचें हाशिम या चित्रकाराच्या हातचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें आहे. त्यांत तो पांढऱ्या जाम्यांत उभा आहे. ज्यानें जन्मभर मोंगलांना झुंजविलें, त्याच्या मर्दपणाविषयीं त्या घेरामुळें कोणाला शंका आली नाहीं.

मोंगल दरबारांत तर या घेराची बारकाईनें चर्चा होत असे. अबुल फज्लाच्या 'आईन-इ-अकबरी'त बादशाही कपड्यांची एक यादीच आहे. तकौचिया नांवाच्या हिंदुस्थानी वस्त्राच्या घेराला पूर्वीं चिरा असत व तें डावीकडे बांधीत. अकबरानें तो घेर गोल करविला व बंद उजवीकडे आणविले, असें तो लिहितो. जाम्याला अकबरानें 'सर्बगाती', म्हणजे सर्व अंग झांकणारा, असें देशी नांव दिलें. थंडीकरितां कापूस भरलेला 'कबा' होता, आणि त्याहून लांबरुंद व अधिक कापसाचा 'गदर' होता. हिंदुस्थानांत तो केसाळ कातड्याच्या कोटाऐवजीं वापरीत. १६६६ च्या सुमारास औरंगाबादेवरून गोवळकोंड्यास गेलेला फ्रेंच प्रवासी तेव्हनो यानेंही आपल्या प्रवासवर्णनांत, थंडींत येथील लोक सदऱ्यावर कापूस भरलेली बंडी व त्यावर रुंद झगा घालतात, अशी नोंद केली आहे.

मराठ्यांनीं हा वेष परका मानला नाहीं. शिवाजी महाराजांचीं जीं सतराव्या शतकांतील चित्रें लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें व ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्यें आहेत, त्यांत महाराजांच्या अंगांत जामाच आहे. पुण्यांत जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें १७९२ सालीं रंगविलेल्या चित्रांत सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांच्या अंगांवर पांढरे, पातळ, पायघोळ कपडे आहेत. १७२० सालीं बाजीरावाला 'पेशवाईचीं वस्त्रें' मिळालीं असें आपण म्हणतों, तें उगीच नव्हे. पद दिलें हें सांगावयाचें तर वस्त्र दिलें असें सांगत. जुन्या चित्रांत हिंदु कोण व मुसलमान कोण हें बहुधा बंदावरून ओळखतां येतें: हिंदूंचा बंद डावीकडे, मुसलमानांचा उजवीकडे. एवढा बारीक भेद पाहणाऱ्या त्या काळाला घेरांत स्त्रीपुरुषांचा भेद दिसला नाहीं.

आतां औरंगाबादेची स्वतःची देणगी पाहूं. हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारींत दुपारीं ऊन बरेंच लागतें, पण रात्रीं पारा बारा अंशांच्या आसपास उतरतो. अशा हवेला लोकरीचा भार नको, आणि नुसती मलमलही पुरत नाहीं. येथील कोष्ट्यांनीं यावर हिमरूचा तोडगा काढला. हिमरूंत उभें सूत कापसाचें असतें, आणि नक्षीकरितां रेशमाचे जादा आडवे धागे घेतात. हे धागे कापडाच्या मागल्या अंगाला मोकळे सोडलेले असल्यामुळें तेथें एक मऊ थर तयार होतो व कापडाला आपोआप अस्तराची ऊब येते. दुसरें कापड मशरू. त्याची दर्शनी बाजू रेशमी साटिणीची, व अंगाला लागणारी बाजू कापसाची. पुरुषांनीं शुद्ध रेशीम अंगाला लावूं नये अशी मुसलमानी धर्माची मर्यादा होती. ती पाळूनही शोभा साधावी, हा त्यांतला हेतु. जरतारी किनखाब बादशहाला परवडे. त्याच्या तोडीची शोभा हिमरूनें सरदार-सावकारांच्या आटोक्यांत आणली. आणि घेरदार पोषाखाला कापड भरपूर लागे, हें विसरूं नये. घेर जितका मोठा, तितकें मागाला काम अधिक.

मग हा वेष गेला कसा? पहिला धक्का १७६३ सालीं बसला. निजामाची राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस गेली, आणि दरबाराबरोबर गिऱ्हाईकही गेलें. दुसरा धक्का सावकाश बसला. घोड्यांची जागा आगगाडीनें घेतली. गादीवर मांडी घालून लिहिणारा कारकून खुर्चीवर बसूं लागला. सत्ता ज्यांच्या हातीं गेली त्यांच्या अंगांत आखूड कोट व तंग विजार होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हैदराबाद राज्यांत शेरवानीनें जोर धरला. तिच्यांत बंदांऐवजीं बटणें आलीं व घेर नाहींसा झाला. इकडे पुण्यामुंबईंत घेर आटून साधा अंगरखा राहिला. लोकमान्य टिळकांनीं तो अखेरपर्यंत सोडला नाहीं. पण पुढच्या पिढीनें कोट पत्करला. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें व दरबारी पोषाखाचें उरलेंसुरलें कारणही सरलें.

श्रीमंतांनीं टाकलेला घेर गरिबांनीं आणि कलावंतांनीं सांभाळला. पहांटे चिपळ्या वाजवीत दारीं येणारा वासुदेव आठवा: डोक्यावर मोरपिसांची टोपी, कमरेला शेला, आणि अंगांत घोळदार पांढरा झगा. हा जाम्याचाच भाऊबंद. अंबेचा गोंधळी कवड्यांच्या माळा घालून पायघोळ झग्यांत उभा राहतो. त्यांना कोणी बायकी म्हणत नाहीं. पेशवाज या शब्दाची कथा तर अधिकच बोलकी आहे. अकबराच्या यादींत पेशवाज हा पुढून बांधावयाचा पुरुषी झगा आहे. मराठींत पेशवाज म्हणजे नाचणारणीचा घोळदार पोषाख. त्याच नांवाचें वस्त्र पुरुषाच्या खुंटीवरून उतरून स्त्रीच्या अंगावर गेलें, आणि मग लोक म्हणूं लागले कीं घेर स्त्रियांचाच!

इतर देशांत पाहिलें तर भूतानमध्यें पुरुष गुडघ्यापर्यंतचा 'घो' आजही रोज घालतात. स्कॉटलंडचा चुण्यांचा किल्ट पलटणींत मिरवला. अथेन्समधील सरकारी पहारेकरी समारंभाच्या दिवशीं पांढऱ्या शुभ्र घेरांत उभे राहतात. हे सर्व डोंगराळ मुलूख आहेत. तेथील पुरुषांना मोकळें वस्त्र कमीपणाचें वाटलें नाहीं. आणि ज्यांनीं तें टिकविलें त्यांच्या कारागिरांनाही काम राहिलें.

आपल्याकडे हा हिशेब कोष्ट्याला चुकवावा लागला. हिमरूचा जुना माग दोघांनीं चालवावयाचा असे: एक विणणारा, व दुसरा वर बसून नक्षीचे दोर ओढणारा. असे हातमाग आतां शहरांत थोडकेच उरले आहेत. बाजारांतला पुष्कळ माल यंत्रावर निघतो, आणि हिमरूच्या शाली व दुपटे प्रवासी आठवण म्हणून घेऊन जातात. आठवणीची वस्तु घरांत एक पुरते. अंगावरचें वस्त्र झिजतें आणि पुन्हां घ्यावें लागतें. कारागीर जगतो तो या दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकावर.

सर्वांनीं उद्यांपासून जामे शिवावेत, असें माझें म्हणणें नाहीं. धांवत्या बसमध्यें चढणाऱ्याला तो घेर अडचणीचाच होईल. परंतु थंडीच्या सायंकाळीं एखाद्या समारंभांत कोणी तरुण आवडीनें पायघोळ, घेरदार वस्त्र घालून आला, तर त्याला हंसण्यापूर्वीं आपण मलिक अंबराचें, शिवाजी महाराजांचें आणि नाना फडणिसांचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. आणि त्याच्या अंगांतलें कापड हातमागाच्या हिमरूचें असेल, तर कोणत्या मोहल्ल्यांतल्या मागावर तें निघालें, एवढें त्याला अवश्य विचारावें.