खोडसाळ दावेदार आणि न्यायालयांचे अधिकार

न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. मात्र एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा पुन्हा नव्या दाव्याच्या रूपाने उभा करून प्रतिपक्षाला जेरीस आणणाऱ्या पक्षकाराला आवरायचे कसे, हा न्यायव्यवस्थेपुढील जुना प्रश्न आहे. या संदर्भात देशभरातील न्यायालये आजही ज्या निकालाचा आधार घेतात, तो बंगळूरूमधील भाड्याच्या जागेच्या वादातून आलेला आहे.

या प्रकरणात भाडेकरूने जागा रिकामी करावी, हा आदेश उच्च न्यायालयापर्यंत कायम झाला होता. जागा सोडण्यासाठी मुदतही देण्यात आली. मुदत संपण्याची वाट न पाहता भाडेकरूच्या मुलाने त्या आदेशालाच आव्हान देणारा दावा मुन्सिफ न्यायालयात दाखल केला. तो वाद उच्च न्यायालयात आला असता न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या यांनी मालकाचे मन वळवून आणखी काही महिन्यांची सवलत मिळवून दिली. त्यानंतर मुलाने दुसऱ्या मुन्सिफांपुढे जवळजवळ त्याच मजकुराचा नवा दावा गुदरला, आधीच्या दाव्याची माहिती दडवली आणि एकतर्फी मनाई हुकूम मिळवला. खरा प्रकार उघड झाल्यावर तो हुकूम रद्द झाला. अपीलही फेटाळले गेले. प्रकरण पुन्हा वेंकटरामय्या यांच्याचपुढे आले तेव्हा, प्रतिज्ञापत्रात त्यांच्या नावाचा उल्लेख असल्याचे निमित्त करून त्यांनी सुनावणी घेऊ नये, अशी मागणी करण्यात आली. आदली रात्र आपण जागून काढली, असे या न्यायमूर्तींनी आपल्या आदेशात लिहून ठेवले आहे. पुढे १९८९ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनावणी घेऊन अर्ज फेटाळला.

ऑक्टोबर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी याबाबत कठोर शब्दांत निकाल दिला. वादपत्र केवळ शब्दशः न वाचता त्याचा आशय पाहावा आणि दाव्याला खरे कारणच नसल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली ते नामंजूर करावे, असे त्यांनी सांगितले. चतुर शब्दरचनेने कारणाचा केवळ आभास निर्माण केला असेल, तर पहिल्याच तारखेला पक्षकाराची तपासणी करून दावा मुळातच खुडून टाकावा, असेही त्यात म्हटले होते. अशी प्रकरणे न्यायालयात आणणाऱ्या वकिलांच्या जबाबदारीकडेही निकालात लक्ष वेधण्यात आले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. पण खोडसाळ दावेदाराला ही पायरी फारशी महाग पडत नाही, हीच खरी अडचण आहे. संहितेच्या कलम ३५-अ नुसार खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल द्यावयाच्या भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये असून ती १९७६ च्या दुरुस्तीने ठरलेली आहे. ती वाढवण्याची गरज सर्वोच्च न्यायालयानेही व्यक्त केली आहे. २०१५ च्या कायद्याने व्यापारी वादांपुरती ही मर्यादा काढून टाकण्यात आली. बेइमानीने खोटा दावा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ नुसार गुन्हाही आहे.

याहून कडक उपाय म्हणजे विशिष्ट व्यक्तीला पूर्वपरवानगीशिवाय दावा दाखल करण्यास मनाई करणे. इंग्लंडमध्ये असा कायदा १८९६ साली झाला. मद्रास प्रांताने १९४९ मध्ये, तर महाराष्ट्राने १९७१ मध्ये त्याच धर्तीवर कायदे केले. महाधिवक्त्यांच्या अर्जावरून, संबंधिताचे म्हणणे ऐकून उच्च न्यायालय असा आदेश देते. मद्रासचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये वैध ठरवला, कारण त्यात दार बंद होत नाही. सकृद्दर्शनी आधार असलेल्या दाव्याला परवानगी मिळते. संपूर्ण देशासाठी असा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २००५ च्या १९२ व्या अहवालात केली होती. ती अद्याप प्रत्यक्षात आलेली नाही.

बंगळूरूच्या निकालाने दिलेल्या अधिकारालाही मर्यादा आहेत. नियम ११ खाली निर्णय देताना न्यायाधीशांना केवळ वादपत्र व त्यासोबतची कागदपत्रे पाहता येतात, प्रतिवादीचा बचाव नव्हे. बेळगावातील एका मिळकतीच्या वादात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हा वाद पूर्वीच निकाली निघाला आहे, हा आक्षेप या टप्प्यावर ठरवता येत नाही, असे स्पष्ट केले. त्यासाठी आधीच्या दाव्यातील कैफियती, मुद्दे व निकाल तपासावे लागतात. अशा वेळी आदेश १४ खाली प्राथमिक मुद्दा काढून तो आधी निकाली काढण्याची मागणी प्रतिवादीला करता येते. नवा दावा येण्याची शक्यता दिसत असल्यास कलम १४८-अ नुसार कॅव्हेट दाखल करता येते. ते ९० दिवस अमलात राहते आणि त्या काळात दाखल करणाऱ्याला सूचना दिल्याशिवाय अंतरिम अर्जावर सुनावणी होत नाही.