बोटांच्या आकुंचक कंडरांची इजा

बोटांच्या आकुंचक कंडरांची इजा म्हणजे बोटे तळहाताकडे वाकवणाऱ्या कंडरा कापल्या जाणे किंवा तुटणे. सुरी, काच अथवा यंत्राचे पाते लागून ती बहुधा होते. पूर्ण तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेने शिवतात; बोट पुन्हा कितपत वाकेल, हे नंतरच्या भौतिकोपचारावरही अवलंबून असते.

तपासणी

अंगठा वगळता प्रत्येक बोटात उथळ व खोल अशा दोन आकुंचक कंडरा असतात. मधला सांधा सरळ धरून टोकाचे पेर वाकवता आले, तर खोल कंडरा अखंड मानतात. उथळ कंडरेसाठी इतर बोटे सरळ धरून मधला सांधा वाकवण्यास सांगतात. काही निरोगी व्यक्तींना करंगळीत हे जमत नाही. अंशतः कापलेली कंडराही बोट वाकवू शकते, म्हणून हालचाल करताना वेदना होत असल्यास तशी शंका घेतात. संवेदना व रक्तपुरवठाही तपासतात.

पुनर्वसन

तळहाताच्या पुढच्या घडीपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंत दोन्ही कंडरा एकाच अरुंद आवरणातून जातात. तेथे हात स्थिर ठेवल्यास शिवलेली कंडरा चिकटते, तर अकाली जोर लावल्यास टाके तुटतात. म्हणून हाताच्या मागील बाजूस स्प्लिंट बांधून काही दिवसांतच मर्यादित हालचाल सुरू करतात. क्लाइनर्ट पद्धतीत रबरबँड बोट वाकवतो आणि रुग्ण ते स्वतः सरळ करतो. ड्युरान पद्धतीत दुसऱ्या हाताने बोट हलवतात. सूचना पाळू न शकणाऱ्या लहान मुलांचा हात मात्र ३ ते ४ आठवडे स्थिर ठेवतात. साधारण ६ आठवड्यांनी हलकी कामे सुरू होतात. जड वजन सुमारे १२ आठवडे टाळतात.