मार्माइटची बरणी आणि सोरायसिसची गोळी

देवनार असो वा परळ, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोणत्याही औषधाच्या दुकानात मेथोट्रेक्सेटची गोळी मिळते. सोरायसिसवरील या जुन्या औषधाच्या इतिहासाचा एक धागा परळच्याच हाफकिन संस्थेत सापडतो.

१९२८ साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश संशोधक मुंबईत आली. येथील गरीब, कष्टकरी गरोदर स्त्रियांना जीवघेणा रक्तक्षय ग्रासत होता. विल्सने जंतूंपेक्षा त्यांच्या ताटाकडे अधिक लक्ष दिले. तसाच निकस आहार दिलेल्या माकडांनाही रक्तक्षय झाला. मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्काने, तो बरा झाला. स्त्रियांनाही गुण आला. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. अर्कातील त्या अनामिक द्रव्याला पुढे फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

पेशींच्या विभाजनाला फॉलिक आम्ल लागते. मग ते अडवले तर? अमेरिकेत लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने त्याचे प्रतिरोधक ॲमिनोप्टेरिन घडवले. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांना दिले. १९५१ मध्ये गब्नर आणि सहकाऱ्यांनी संधिवातावर ते वापरून पाहिले, आणि अनपेक्षितपणे सोरायसिसचे चट्टे निवळले. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड.

गुण येत होता. कारण मात्र अर्धवटच कळले होते. त्वचेच्या पेशी बेसुमार वाढतात आणि औषध ती वाढ रोखते, असा समज रूढ होता. १९७९ मध्ये त्याला धक्का बसला. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन सोरायसिसवरही चालले. ते प्रामुख्याने टी-पेशींना आवरते. संशयाची सुई त्वचेवरून रोगप्रतिकारक यंत्रणेकडे वळली: टी-पेशी चिथावणी देतात, त्वचा तिला प्रतिसाद देते. मेथोट्रेक्सेटची अल्प मात्राही मुख्यत्वे प्रतिकारक पेशींवरच काम करते, हे उमगायला आणखी काळ लागला. पुढील औषधांनी या साखळीतील एकेक संदेशवाहक रेणू हेरून अडवला. टी-पेशीवरील सीडी-६ या रेणूला बांधणारे इटोलिझुमॅब बायोकॉनने २०१३ मध्ये भारतात आणले.

जुनी गोळी तरीही टिकून आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत दिले जाते तेच फॉलिक आम्ल. आणि गरोदर स्त्रीला मात्र ही गोळी पूर्णतः वर्ज्य.