जव्हारचा पाषाण, वैतरणेचे काँक्रीट आणि मोखाड्याची तहान

१/ जून ते सप्टेंबर या काळात जव्हार-मोखाड्याच्या पठारावर सुमारे अडीच हजार मिलिमीटर, अनेकदा त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की त्याच पठारावरील पाड्यांत टँकरची वाट पाहावी लागते. या विसंगतीचा इतिहास एका विद्याशाखेत सापडत नाही. त्यासाठी भूगर्भशास्त्र, काँक्रीटचे तंत्र आणि मराठी साहित्य असे तीन दरवाजे ठोठवावे लागतात. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ पहिला दरवाजा दगडाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेला. हेच ‘दख्खन ट्रॅप’. आजही त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. ‘ट्रॅप’चे मूळ स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दात आहे. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, हे त्या एका शब्दातच सांगितलेले आहे.

३/ दिसायला सारखेच असलेले हे काळे थर वेगळे ओळखायचे कसे? १९८० च्या दशकात संशोधकांनी घाटाघाटांतून नमुने गोळा केले आणि त्यांच्या रासायनिक घटकांवरून थरांची क्रमवारी लावली. १९८६ मध्ये बीन, हूपर, आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आदींनी पश्चिम घाटाची क्रमवारी मांडणारा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या क्रमवारीत थरांना त्या त्या गावांची नावे आहेत.

४/ क्रमवारीच्या तळाशी कोण? जव्हार. त्यावर इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. (काही अभ्यासक जव्हार व इगतपुरी एकत्रच मोजतात.) मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी म्हणून आपण ज्या गावाला ओळखतो, त्याचे नाव जगभरच्या ज्वालामुखी-अभ्यासकांना घाटातील सर्वांत खालच्या थराचे नाव म्हणून ठाऊक आहे.

५/ आता या दगडाचा स्वभाव पाहू. वाळूच्या खडकात कणाकणांमध्ये पाणी मुरते. घट्ट बेसाल्टात ते शिरतच नाही. पाणी साठते ते फक्त भेगांत, वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. ही जागा मुळात थोडी. त्यात उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पावसाचे बहुतेक पाणी काही तासांत ओहोळांतून वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांकडे धावते. मुरलेले थोडेसे पाणी झऱ्यांतून पाझरते आणि उन्हाळ्यापर्यंत आटते.

६/ म्हणजे निसर्गाने येथे पाऊस भरपूर दिला, पण तो साठवायला पात्र दिले नाही. पात्र माणसाने बांधले. ते मात्र पठारावरच्या पाड्यासाठी बांधलेले नव्हते. येथून आपला दुसरा दरवाजा उघडतो.

७/ मुंबईच्या पाण्याचा प्रवास उत्तरेकडे सरकत गेला आहे. १८६० चा विहार, १८७९ चा तुळशी, १८९२ चा तानसा. शहर वाढले, तलाव अपुरे पडले आणि महापालिकेची नजर वैतरणेवर गेली. १९५७ मध्ये वैतरणेवर काँक्रीटचे धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयाचे ‘मोडक सागर’ हे नाव पालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांच्यावरून आले. अल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ चा बृहन्मुंबईचा आराखडा करणारे मोडक ते हेच.

८/ पुढे त्याच नदीवर ऊर्ध्व वैतरणा (१९७३) आणि मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे झाली. मध्य वैतरणा सुमारे १०२ मीटर उंच असून त्यातून मुंबईला दररोज ४५.५ कोटी लिटर पाणी मिळते. ते ‘आरसीसी’ तंत्राने बांधले आहे. पण सावधान! घराच्या स्लॅबचे आरसीसी वेगळे. त्यात लोखंडी सळया असतात, धरणाच्या आरसीसीत त्या नसतात. येथे ‘आर’ म्हणजे रोलर.

९/ या पद्धतीत काँक्रीट अगदी कोरडसर कालवतात, बुलडोझरने पसरवतात आणि रस्त्याच्या कामासारखे रोलरने थराथराने दाबतात. लाव्हाने थर रचून डोंगर केला, माणसाने थर रचूनच धरण केले. भारतात हे तंत्र धरणांसाठी प्रथम वापरले गेले ते जवळच्याच घाटघर प्रकल्पात.

१०/ काँक्रीटची खडी म्हणजे फोडलेला बेसाल्टच. पण त्याच्या काही थरांतील पोकळ्यांत कॅल्सेडोनीसारखी सिलिकायुक्त खनिजे भरलेली असतात. सिमेंटमधील अल्कलीशी त्यांची प्रक्रिया झाली तर काँक्रीट फुगून तडे जाऊ शकतात. शिवाय सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडते. धरणाच्या प्रचंड आकारात ती कोंडली की तडे जाण्याचे भय असतेच. म्हणूनच खडक तपासल्याविना धरणाचे काँक्रीट ठरवता येत नाही.

११/ दोन्ही दुखण्यांवर एक औषध चालते : सिमेंटचा काही भाग वगळून त्याजागी औष्णिक वीजकेंद्रातील राख वापरणे. ही युक्ती दोन हजार वर्षे जुनी आहे. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोझ्झुओली येथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत. विट्रुव्हियसने तिचे वर्णन केले आहे. अशा पदार्थांना आजही ‘पोझोलाना’ म्हणतात. कोळशाची राख ही जणू कारखान्यात तयार झालेली ज्वालामुखीची राख.

१२/ मग पाण्याच्या शेजारी तहान का? उत्तर उंचीत आहे. धरणाचे पाणी खोल दरीत, पाडे वर पठारावर. मध्य वैतरणेचे पाणी नदीपात्रातून मोडक सागरात उतरते आणि तेथून भूमिगत मार्गाने व जलवाहिन्यांनी मुंबईकडे जाते. उताराची दिशा शहराला अनुकूल आहे. तेच पाणी वर चढवायचे तर पंप हवा, वीज हवी, देखभाल हवी. म्हणजेच कोणीतरी तसा निर्णय घ्यायला हवा. खडक पाणी साठवत नाही, हे भूगर्भशास्त्र. साठवलेले पाणी कोणासाठी, हा मात्र इतिहासाचा प्रश्न.

१३/ येथे तिसरा दरवाजा. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडीची प्रथा झुगारली. त्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात लिहिली. १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जंगल, गवत, श्रम येथले आणि त्यांचा भाव ठरवणारे मात्र दुसरे, ही व्यवस्था त्यातून समजते. पाण्याकडे त्या नजरेने पाहिले की धरणांच्या तारखा वेगळ्या वाचता येतात.

१४/ कोणी म्हणेल, मुंबईला पाणी नको का? हवेच. त्या शहरात जव्हार-मोखाड्याहून मजुरीला गेलेली माणसेही तेच पाणी पितात. प्रश्न एवढाच की ज्या तालुक्याने दरी दिली, त्याच्या हिशेबात काय आले? उपायही दगडाच्या स्वभावातूनच निघतात : झऱ्यांच्या वरच्या उतारावर पाणी मुरवणे, दोन थरांचा सांधा हेरून विहीर खोदणे आणि जलाशयातून वर पाणी उचलण्याच्या योजना चालू ठेवणे.

१५/ पुढच्या वेळी घाटात बस वळण घेईल तेव्हा कापलेल्या दरडीकडे जरूर पाहा. काळ्या थरांच्या मधे कधी तांबडा पट्टा दिसेल. दोन उद्रेकांमधील शांततेत तेथे जी माती तयार झाली, ती पुढच्या लाव्हाने भाजून काढली. अनेकदा त्याच पट्ट्याच्या आसपास झरा सापडतो आणि त्या झऱ्याशी हंडे मांडून कोणीतरी बसलेले असते.

थ्रेड समाप्त. आपल्या गावचा कातळ कोणत्या थराचा आणि पाणी कोठून येते, ते शोधून खाली अवश्य लिहा.