सीलच्या ओठाला तेल का लावायचं?

आजचा विषय तळहातावर मावेल एवढा आहे. गाडीचं इंजिन खोलून परत बांधताना मेकॅनिक नवीन ऑइल सीलच्या आतल्या कडेवर तेलाचं बोट फिरवतो आणि मगच ते बसवतो. या कडेला म्हणतात लिप, म्हणजे ओठ. इथे नाशिकमध्ये, सातपूरच्या गॅरेजमध्ये मी हे कित्येकदा पाहिलंय. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘असंच करतात.’ मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ‘असंच करतात’ म्हटलं की मागचा इतिहास खणायची खोड आहे. खणलं तर कळलं, रबर आणि तेल हे मुळात एकमेकांचे वैरी!

1839 साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली. पण झाडाच्या चिकाचं हे रबर खनिज तेलात राहिलं की फुगतं, मऊ पडतं, आकार सोडतं. म्हणून फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवायला बराच काळ चामडं वापरायचे. जर्मनीत फ्रॉयडेनबर्ग कंपनीत वॉल्टर सिमरने 1929 मध्ये जे प्रसिद्ध सील बनवलं, तेही चामड्याचंच. कंपनी मूळची कातडी कमावणारी, त्यामुळे नवल नाही. मग 1930 च्या दशकात जर्मनीतच नायट्राइल रबर आलं. हे कृत्रिम रबर खनिज तेलाला दाद देत नाही. सीलमधलं चामडं गेलं, रबर आलं. त्याच काळात अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॅनिश नील्स क्रिस्टेन्सनने ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. साल 1937, आजोबांचं वय 72! पेटंट मिळालं 1939 मध्ये.

आता आपल्याकडे येऊ. पियाजिओबरोबरचा करार 1971 मध्ये संपल्यावर बजाजने 1972 मध्ये चेतक आणली. आकुर्डीची ही स्कूटर टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकमध्ये सील म्हणजे जीव की प्राण. कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं, मग सिलिंडरमध्ये जातं. फ्लायव्हीलकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिस्टन जाम होऊ शकतो. क्लचकडचं गेलं की गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट. या गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादांना सीलची किंमत अशी रोजच्या कामातूनच कळली.

पण तेलाचं बोट कशाला? याचं उत्तर 1957 मध्ये ब्रिटनच्या ई. टी. जॅगर यांच्या प्रयोगांतून मिळालं. आपल्याला वाटतं सील म्हणजे शाफ्टला आवळून बसलेलं बूच. तसं नाही. चालू इंजिनमध्ये ओठ शाफ्टला थेट घासत नाही. मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि ओठ त्यावर तरंगतो. म्हणजे तेल अडवणारं सील स्वतः तेलावरच जगतं! इंजिन नुकतंच बांधलंय तेव्हा हा थर नसतो. हिशोब करून बघा: 20 मिलिमीटरचा शाफ्ट मिनिटाला 5,000 फेरे घेत असेल, तर ओठाखालून सेकंदाला पाच मीटरहून जास्त धातू सरकतो. कोरडा ओठ तिथल्या तिथे करपतो. ओ-रिंगचं दुखणं वेगळं: कोरडी ओ-रिंग बसवताना पीळ खाते किंवा काठावर कापली जाते. दोन्हीवर औषध एकच, तेलाचं बोट.

आता मुद्द्याची गोष्ट. सवय हाताला असते, कारण डोक्यात नसलं की तोच हात चुकीच्या जागी जातो. चेतकला ड्रम ब्रेक होते. आता डिस्क ब्रेक घरोघरी आहेत आणि त्यांच्या कॅलिपरमधली सीलं सहसा ईपीडीएम रबराची असतात. हे रबर ब्रेक फ्लुइडमध्ये सुखाने राहतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं. गुडइयरच्या रबराचं जुनं दुखणं परत आलंच! फुगलेलं सील पिस्टनला मागे येऊ देत नाही, ब्रेक धरून राहतो, तापतो. कसारा घाट उतरताना हे झालं तर काय, ते नाशिककरांना सांगायला नको.

म्हणून नियम सोपा: सील ज्या द्रवात जगणार, तोच त्याला लावायचा. इंजिनच्या सीलला इंजिन ऑइल, पुढच्या शॉकअपला फोर्क ऑइल, ब्रेकला स्वच्छ ब्रेक फ्लुइड. लावायचं तेही बोटभरच, थापायचं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी खोलाल तेव्हा मेकॅनिककाकांना ‘का’ विचाराच. ‘असंच करतात’ म्हणाले, तर हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात.